दही-धपाटे आणि सुशीला: पाच रविवारांची नोंद

मराठवाड्यात रविवारी अकराच्या सुमाराला जे ताट समोर येतं ते नाश्ताही असतं आणि जेवणही. ताटात दोनच मुख्य पदार्थ आहेत, सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा प्रकार, आणि दही-धपाटे, म्हणजे फडक्यावर थापून तव्यावर भाजलेली जवारीची तिखट धपाटी आणि दही. नोंद चार माणसांच्या हिशोबाची आहे. तपासायचा प्रश्न एकच: शेवटच्या माणसाचं दुसरं धपाटं पहिल्यासारखंच मऊ राहावं आणि तव्यापाशी असणाऱ्यालाही सगळ्यांबरोबर बसता यावं, हे जमतं का?

सुरुवात पिठापासून. जवारी मालदांडी घ्या, परभणी मोती घ्या, तेवढ्याने फार बिघडत नाही. पीठ जुनं झालं की मात्र सगळंच बिघडतं. दळून पंधरा-वीस दिवस झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि मग कितीही मळलं तरी कडा फुटतातच. पारख सोपी आहे. चमचाभर पीठ पाण्यात मळून लिंबाएवढी गोळी करा आणि अंगठ्याने दाबा. कड सलग राहिली तर पीठ चांगलं. बोटाच्या पेराएवढ्या भेगा पडल्या तर त्या पिठाची आंबील करावी, धपाटे नकोत. आठवड्याला लागेल तेवढंच दळून आणणं हाच खरा उपाय.

आठ धपाट्यांचं प्रमाण पाच फेऱ्यांनंतर असं ठरलं: जवारीचं पीठ ३०० ग्रॅम, कणीक ५०, बेसन ५०. लसणाच्या १२ पाकळ्या, ६ हिरव्या मिरच्या आणि १ चमचा जिरं यांचं भरड वाटण. तीळ २ चमचे, ओवा अर्धा चमचा, हळद अर्धा चमचा, मीठ दीड चमचा, मूठभर कोथिंबीर, दही ४ मोठे चमचे. मिक्सरमध्ये वाटण गुळगुळीत झालं तर लसूण सगळीकडे सारखाच लागतो आणि मधूनच दाताखाली येणारा तिखट कण हरवतो. खलबत्ता काढायचा कंटाळा करू नका.

पहिल्या फेरीत सगळं पीठ गार पाण्यात भिजवलं. धपाटं फडक्यावर छान थापलं गेलं, पण तव्यावर टाकताना मधोमध तुटलं. जवारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठाला धरून ठेवणारं काहीच नसतं. दुसऱ्या फेरीत उलट केलं आणि ३०० ग्रॅमवर उकळतं पाणी ओतलं. गोळा इतका चिकट झाला की फडकं सोडेना, आणि भाजल्यावरही आतून कच्चट, रबरासारखं लागत राहिलं. तिसऱ्या फेरीत मधला रस्ता काढला. परातीत १५० ग्रॅम जवारीच्या पिठावर १५० मिली उकळतं पाणी ओतायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळून दहा मिनिटं झाकायचं. या अर्ध्या पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि उरलेल्या अर्ध्याला बांधून ठेवतो. हाताला सोसेल इतकं निवालं की बाकीची पिठं, वाटण, दही घालून गार पाण्याने मळायचं. हे पाणी साधारण १०० ते १२० मिली लागतं, शेवटचं चमच्याचमच्याने घाला. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा सैल हवा, पण हातातून ओघळता कामा नये.

कणीक १०० ग्रॅम घालूनही पाहिली. थापायला सोपं जातं, पण चव पराठ्याकडे झुकते आणि निवल्यावर चिवट होतं. बेसन १०० केलं तर रंग लवकर येतो म्हणून भाजलं गेल्यासारखं वाटतं आणि अर्ध्या तासात कडा कडक होतात. दोन्ही ५० वरच ठेवावं.

फडकं सुती हवं, जुन्या धोतराचं सगळ्यात उत्तम. पॉलिस्टरचं मिश्रण असलेलं कापड पीठ सोडत नाही आणि तापलेल्या तव्याला लागलं तर वितळतं, ते वापरूच नका. भिजवून घट्ट पिळायचं. पाणी निथळत असलं तर तवा एकदम थंडावतो आणि धपाटं चिकटतं. कोरडं पडलं तर पिठाचा थर कापडालाच राहतो. ९५ ग्रॅमचा गोळा पाण्याच्या हाताने १८ सेंटिमीटरपर्यंत थापला की जाडी साधारण ३ मिलिमीटर येते. मधे एक आणि भोवती चार भोकं पाडायची. फडक्यासकट उचलून पिठाची बाजू तव्यावर ठेवायची, कापडाच्या पाठीवर पाण्याचा हबका मारायचा, पाच-सहा सेकंद थांबायचं आणि कडेपासून हलकेच सोलायचं. घाई केली की कापडाबरोबर पापुद्रा येतो. दर तिसऱ्या धपाट्यानंतर फडकं धुऊन घ्यावं.

तव्याची आच बघायला थोडं पाणी शिंपडा. थेंब चर्रकन दोन-तीन सेकंदांत आटले तर आच बरोबर. थेंबांचे मोती होऊन तव्यावर पळत सुटले तर लोखंड फार तापलंय, गॅस बारीक करून मिनिटभर थांबा. मोती पळत असताना टाकलेलं धपाटं बाहेरून करपतं आणि भोकांभोवती कच्चं राहतं.

भाजायला पहिली बाजू झाकण ठेवून दीड मिनिट, भोकांत आणि कडेने अर्धा चमचा तेल. दुसरी बाजू झाकण न ठेवता एक मिनिट. स्टीलच्या डब्यात ठेवलेली धपाटी खालून घामेजतात आणि तळाची दोन ओली होतात. वेताच्या दुरडीत सुती कापड घालून ठेवली तर वाफ बाहेर निघते आणि मऊपणा टिकतो.

चौथ्या फेरीत मूळ प्रश्नाला हात घातला. सहा धपाटी तेल न लावता, दोन्ही बाजूंनी पाऊण मिनिट नुसती शेकून दुरडीत ठेवली. सगळे बसल्यावर दोन-दोन करून तेल सोडून अर्धा-अर्धा मिनिट परतली. चाळीस मिनिटांपर्यंत ताज्यात आणि यात फरक जाणवला नाही, तासाभराने मात्र कडा ताठरल्या. पाचव्या फेरीत शेकलेल्या धपाट्यांच्या कडेला पाण्याचं बोट फिरवून मग तेल सोडलं आणि तासाची मर्यादाही पार झाली. बाकी सगळ्या प्रयोगांपेक्षा हे एक जमणं मोलाचं, कारण आता तव्यापाशी असणाराही ताट घेऊन बसू शकतो.

त्याला जोड सुशीलेची. ती पावणेअकराला वाढली की आधी उठलेल्यांची भूक भागते आणि धपाट्यांवर झुंबड होत नाही. मुरमुरे १५० ग्रॅम, डाळवं (भाजलेली चणाडाळ) ४० ग्रॅम भरड कुटलेलं, शेंगदाणे ४०, कांदे २, मिरच्या ४, कढीपत्ता. मुरमुरे पाण्यात बुडवून वीस सेकंदांत उपसायचे आणि दोन्ही तळव्यांत दाबून पिळायचे. मिनिटभर राहिले तरी लगदा होतो. भांडंभर मुरमुऱ्यांचा ढीग पिळल्यावर एवढासा होतो, ते पाहून घाबरून वाढवू नका, चौघांना पुरतो. डाळव्याचं कूट फोडणीत न घालता पिळलेल्या मुरमुऱ्यांना लगेच चोळायचं. ते जादा पाणी शोषतं आणि दाणा दाण्याला चिकटत नाही. मोहरी, जिरं, हळदीच्या फोडणीत आधी शेंगदाणे, मग मिरची-कढीपत्ता, मग कांदा. कांदा मऊ झाला की पुरे, लाल नको. मुरमुरे घालून बारीक आचेवर तीन मिनिटं परतायचे आणि दोन मिनिटं झाकायचे. मुरमुरे बहुधा मुळातच खारट असतात, म्हणून मीठ चाखून. लिंबू गॅस बंद केल्यावर, शेव ताटात.

दह्याचं गणित मोसमावर आहे. जानेवारीत रात्री नऊला विरजण लावून भांडं कापडात गुंडाळलं तरी सकाळी आठपर्यंत वाट पाहावी लागते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा रात्री लावलेलं दही सकाळी आंबट ढाण. उन्हाळ्यात पहाटे सहाला लावलं की साडेदहाला घट्ट आणि गोडसर मिळतं. बोट बुडवून दहा आकडे सोसवेल इतकं कोमट दूध, लिटरला एक चमचा विरजण. मातीच्या गाडग्यात लावलं तर माती पाणी ओढते आणि दही आणखी घट्ट येतं.

प्यायला जालन्याची मोसंबी असेल तर रस अगदी बसताना काढावा. काढून ठेवलेला रस अर्ध्या-पाऊण तासात कडवट होऊ लागतो, बिया चिरडल्या तर आणखी लवकर. कारळाची चटणी शनिवारी कुटून ठेवता येते. ठेचा त्याच सकाळी.

राहिलेला प्रश्न मेथीचा. चिरलेली मेथी घातली की मिठाने पाणी सुटतं आणि चौथ्या गोळ्यापर्यंत पीठ सैल पडतं. पुढच्या फेरीत मेथी आणि मीठ वेगळं ठेवून दोन-दोन धपाट्यांपुरतंच मिसळून पाहायचं आहे, आणि गार पाणी १०० मिलीवरून ८० वर आणायचं आहे.