पातेरा पेटवू नका, पावसाळ्यासाठी राखून ठेवा

माघ सरत आला की रत्नागिरीत सकाळचा एक वास ठरलेला असतो, पातेरा जाळल्याचा. झाडलोट झाली की फणस, बदाम, काजूच्या पानांचे ढीग रस्त्याकडेला धुमसत असतात. शेतकरी भाताच्या रोपांसाठी भाजावळ करतो त्याला निदान कारण असतं. इथे काहीच नाही. मला ते बघवत नाही, कारण सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करताना अडतं ते याच पानांवाचून, आणि अडतं नेमकं जुलैत, जेव्हा सुकं पान कुठेच मिळत नाही.

कंपोस्टबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक देशावरचं. टाकी कोरडी पडली तर पाणी शिंपडा म्हणे! इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आषाढात घरातले कपडे वाळत नाहीत. त्यात आमचा कचरा म्हणजे बांगड्यांची डोकी, कोळंबीची सालं, फणसाची चिकट चारखंडं. मासळीत नत्र भरपूर. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे २५ ते ३० भाग लागतात, आणि तो कर्ब सुक्या पानांत असतो. पानं कमी पडली की नत्र अमोनिया होऊन उडतं, ढीग गच्च बसतो, आत हवा उरत नाही आणि वास जिन्यापर्यंत येतो. मग बोल लागतो मासे खाणाऱ्या घरांना. ते मला फार लागतं. दोष मासळीचा नसतोच.

आमच्या टाक्या जांभ्या चिऱ्याच्या आहेत. सांधे सिमेंटने न भरता मोकळे ठेवले, म्हणजे बाजूने हवा खेळते. वर पत्रा, त्याला पन्हळ. बुधवार, शुक्रवार, रविवारी कचरा गोळा करणाऱ्या मावशी बादल्या आणण्याआधीच सांगतात, "वहिनी, पातेरा काढून ठेवा." ढिगाच्या मधोमध खळगा करायचा, त्यात मासळीचा कचरा, लगेच वर दोन पाट्या पातेरा. एक-दोन दिवसांनी आत खुपसलेली लोखंडी सळी बाहेर काढली तर हातात धरवत नाही. ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापला की रोगजंतू आणि माश्यांची अंडी त्यातच मरतात. मूठभर खत हातात दाबून बघायचं: एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर, धार लागली तर आणखी पानं.

पावसाळ्यात टाकीच्या कडेला जाड, करड्या अळ्या दिसतात आणि कुणीतरी औषध फवारायला सांगतं. फवारू नका. बहुतेकदा त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात. ही माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या बघता बघता मासळीचा फडशा पाडतात.

तिसऱ्यांच्या शिंपल्या मात्र टाकीत नकोत, त्या कुजत नाहीत. आम्ही त्या ठेचून माडांच्या आळ्यात घालतो. आपली लाल माती आम्लधर्मी, तिला तो चुना मानवतो. श्रावण सोपा जातो. गणपतीत निर्माल्य येतं तेव्हा हारांतले दोरे आणि जरीच्या फिती आधी काढाव्या लागतात.

२०१६ च्या घनकचरा नियमांत ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं आलं. आमची सोसायटी त्याहून लहान. पण वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने कचरा डेपोची जागा लोकांनी मुद्दाम बघायला यावी अशी केली. ओल्या कचऱ्यापासून तिथे बायोगॅस होतो. मग एका सोसायटीला आपल्या बादल्या का झेपू नयेत?

यंदा शेजारच्या बंगल्यांत मी घरोघर जाऊन सांगितलंय: पानं पेटवू नका, कांद्याच्या जाळीदार गोणीत भरून आमच्या फाटकाशी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत बुरशी धरते. पाण्याच्या टाकीशेजारची शेड होळीपर्यंतच भरते. म्हणून मृगाआधी पार्किंगमागच्या पडवीवर पत्रा टाकून तीही पातेऱ्याला द्यावी, असा ठराव पुढच्या सभेत मी मांडणार आहे.