तुम्ही विचारलंत म्हणून: चिपळुणात आता उरलंय कोण?

डोंबिवलीतलं लग्न असो, लेकाची पुण्यातली सोसायटी असो, नाहीतर गणपतीला आलेले चाकरमानी असोत, प्रश्न एकच. "वहिनी, चिपळुणात आता उरलंय कोण? दुकान कोणासाठी चालवता?" पुरानंतर त्यात 'अजून' हा शब्द वाढला. आजवर मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून जायचे. आज नीट सांगते.

आकडे मला ऐकवू नका, ते पाठ आहेत. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती, २०११ला १६,१५,०६९. म्हणजे दहा वर्षांत एक्क्याऐंशी हजारांवर कमी. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. आमची माणसं कुठे गेली ते वेगळं सांगायला नको. चिपळूण शहर ५५,१३९. मुंबईत एका नगरसेवकाच्या प्रभागात सरासरी एवढीच माणसं राहतात, हेही मला एका पाहुण्याने ऐकवून झालंय.

पण ही मोजणी फेब्रुवारीत झाली. ज्याचं बिऱ्हाड मुंबईत, तो मुंबईत धरला गेला. भाद्रपदात मोजा आणि मग बोला, असं मी वर्षानुवर्षं भांडत आले. आणि बाजारपेठ काय शहरातल्या पंचावन्न हजारांवर चालते? गुहागर, दसपटी, संगमेश्वरकडच्या बायका सकाळच्या एसटीने येतात आणि दुपारच्या एसटीने परततात. माझं मॅचिंग सेंटर त्यांच्यावर आहे.

खरं चिपळूण बघायचं तर माझी उधारीची वही बघायला हवी होती. नावं सगळी बायकांची. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत, हे जनगणनेने २०११ला सांगितलं. वहीत ते सासऱ्यांच्या काळापासून दिसत होतं. नावापुढे समासात पैसे कधी येणार ते लिहिलेलं. 'मुंबईहून आले की.' 'आंबा उतरला की.' 'लोटे, सात तारीख', म्हणजे नवरा लोट्याच्या केमिकल कंपनीत, पगार सातला. आमच्या भागाचं सगळं अर्थकारण त्या समासात होतं.

ती वही २२ जुलै २०२१ला गेली.

गणपतीचा माल आदल्याच आठवड्यात भरला होता, तोही घाऊकवाल्याच्या उधारीवर. रात्रभर पाऊस थांबला नाही. उजाडताना खालून फळी सरकल्याचा आवाज आला. जिन्यात बॅटरी मारली तर चौथ्या पायरीवर पाणी. नंतर सातव्या, नंतर अकराव्या. सासूबाईंना पलंगावर बसवलं आणि मी जिन्याच्या तोंडाशी पायऱ्या मोजत बसले. फोन बंद, वीज नाही. रस्त्यावरून सिलिंडर, फ्रिज, कुणाची तरी दुचाकी वाहत चाललेली.

पाणी ओसरल्यावर शटर उघडेना, पहारीने उचकटलं. आत गुडघाभर चिखल, डिझेलचा वास. अस्तराचे ताके भिजून इतके जड झालेले की दोघांना एक उचलेना. ब्लाउजपीस मी शेडप्रमाणे लावते, अबोलीपासून मरूनपर्यंत. सगळ्या लालांचा रंग उतरून खालच्या पांढऱ्या फॉलांवर आलेला. ड्रॉवर फुगून बसला होता, तो कोयत्याने फोडला. वहीच्या पानांचा लगदा झाला होता. समास तेवढे कुठेकुठे वाचता येत होते, नावं नाही.

तिसऱ्या दिवशी लेक पोचला, सोबत चार मित्र आणि चिखल उपसायचा पंप. दुपारपर्यंत कुणी बोललं नाही. मग तो वहीकडे बघून म्हणाला, "आई, बास आता. कोणासाठी?"

मी म्हटलं, "तू नव्हतास तेव्हा ज्या होत्या, त्यांच्यासाठी."

मित्रांसमोर म्हटलं. त्याने घमेलं उचललं आणि संध्याकाळपर्यंत चिखल वाहिला. निघताना पाया पडला, पण बोलला नाही.

खरं तर त्याला पाठवलं कोणी? मीच. दहावीचा निकाल लागला त्या रात्री त्याला दुकानात बसायचं होतं. "इथे काय ठेवलंय? पुण्याला जा," हे माझे शब्द. तुम्ही मला आज जे विचारता, ते मी त्याला सोळाव्या वर्षी विचारलं होतं. त्यालाही तेव्हा उत्तर आलं नव्हतं. आणि भाद्रपदात मोजा म्हणणारी मी, अनंत चतुर्दशीनंतरच्या स्टँडवर कधी उभी राहिले नाही का? राहिले आहे. गेलेला गेलेलाच असतो.

उधारी फेडायला सगळ्या आल्या असं सांगायला मला आवडलं असतं. निम्म्या आल्या. गुहागरकडची एक दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, माझे अठराशे होते." मला बाराशे आठवत होते. ज्या आल्या नाहीत त्यांच्यातल्या काहींची घरंही गेली होती, काही सरळ विसरल्या. विम्याचे मिळाले त्यात रंगकाम झालं, माल नाही.

वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून लोक उपोषणाला बसले तेव्हा मीही जाऊन बसले. लेकाला फोटो पाठवला, त्याने "जपून" एवढंच लिहिलं.

२०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आज आम्ही किती आहोत ते तुम्हालाही माहीत नाही. पुढची होईल तेव्हा या घरात दोन बायका लिहिल्या जातील आणि तो पुण्यात लिहिला जाईल. दुकान चालू आहे. जून संपला की खालच्या तीन फळ्या रिकाम्या करून माल वर नेते, तो नागपंचमीनंतर खाली आणते. ऐन गणपतीच्या खरेदीच्या तोंडावर जागा अडते, गिऱ्हाईक परत जातं. पावसाच्या रात्री अकराला त्याचा फोन येतो, "पाणी कुठवर?" मी जिन्यात बॅटरी मारते आणि पायरी सांगते.