१६८वा दिवस

२९ जून २०२५, रविवार

सकाळी सात वाजता शेवटच्या चार गोळ्या घेतल्या. उपाशीपोटी, ओट्याला पाठ लावून, नेहमीसारख्याच. बाहेर पाऊस, पलीकडच्या शेडमधल्या मागांची खटखट चालू. मला वाटलं होतं आज काहीतरी होईल, निदान रडू तरी येईल. काही झालं नाही. गोळी घशात नेहमीच्याच जागी अडकली आणि मी नेहमीसारखंच वरून अर्धा तांब्या पाणी प्यायले.

मग बाजरीच्या पिठाचा डबा काढला. त्यात तळाशी पिशवीत गुंडाळून सगळ्या रिकाम्या पट्ट्या ठेवल्यात. एका पट्टीत २८ गोळ्या. कचऱ्यात टाकायची हिंमत नव्हती. घंटागाडीवाला सुका कचरा आमच्यासमोरच उचकतो आणि आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं हे सालपटांवरून ओळखणाऱ्या बायका आहेत. म्हणून साडेपाच महिने पिठात टीबी लपवला. बाजरी कुणी मागायला येत नाही, एवढाच हिशेब.

आज लिहायला बसलेय, कारण आता लपवण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

खोकला गेल्या सप्टेंबरपासून होता. इचलकरंजीत खोकल्याकडे कोण बघतंय? ह्यांचं काम जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करायचं, दिवसभर मागात. घरी येतात तेव्हा केसांत, भुवयांवर कापूस. घरमालकाची शेड भिंतीला लागून. मीही लग्नानंतर दोन वर्षं कांड्या भरल्या आहेत. त्यामुळे खोकला म्हणजे कापसाचा, असं डॉक्टरांसकट सगळ्यांनीच धरून टाकलं. त्या डॉक्टरांनी दोन महिने तीन वेगवेगळी सिरप दिली. संध्याकाळी बारीक ताप यायचा, रात्री ब्लाउज भिजायचा, वजन उतरत होतं. शेजारणी म्हणाल्या, बारीक झालीस, छान दिसतीस. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

या काळात मी शिकवणी घेत होते. दहा बाय बाराच्या खोलीत अकरा मुलं, थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

जानेवारीत सरकारी दवाखान्यात थुंकी दिली. सीबीनॅट नावाचं मशीन आहे, त्यात दोनेक तासांत कळतं जंतू आहेत का आणि मुख्य औषधाला ते दाद देणार आहेत का. आहेत, आणि देणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नशीबवान आहेस." त्या क्षणी मला त्यांचा राग आला. आता येत नाही. औषधाला न जुमानणारा टीबी झालेली एक मुलगी नंतर तिथल्याच बाकावर भेटली होती, तेव्हा मला त्यांचं म्हणणं कळलं.

गोळ्या सुरू झाल्या १३ तारखेला, भोगीच्या दिवशी. वजन ४३ किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं. वर एक ब जीवनसत्त्वाची, पायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून. तीळ लावलेली भाकरी तव्यावर आणि मी मोरीत ओकतेय. संध्याकाळी लघवी लाल झाली तेव्हा वाटलं, रक्तच. औषधाचा रंग असतो तो, पण मला सांगितलेलं मी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यात मी नुसती मान हलवत होते. पुढे डोळ्यांतलं पाणीही नारिंगी यायला लागलं. पांढऱ्या रुमालाला पुसलं की डाग. त्यामुळे रडायचं झालं तर पदराला, तोही गडद रंगाच्या.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, म्हणजे हळदीकुंकवाचा हंगाम, थेट रथसप्तमीपर्यंत. बायका येणार, दाराशी बसणार, मी खोकणार. मी सांगितलं, माहेरी सुतक आहे. त्यासाठी एक चुलत चुलता मारला. असा चुलता मला नाहीच. नंतर एकीनं विचारलं, कशानं गेले हो? तर तोंडातून आलं, "छातीचं होतं." अजून हसू येतं त्याचं आणि थोडी भीतीही वाटते, इतक्या सहज आलं ते.

एकदा सुरुवात झाली की खोट्याला खोटं चिकटत जातं. शिकवणी बंद, कारण घशाचं ऑपरेशन. गोळ्या पोचवणाऱ्या आशा कार्यकर्तीला, आमच्या आशाताईंना, विनवलं, घरी नका येऊ, लोक विचारतील. त्या बिचाऱ्या रेशन दुकानाच्या मागं भेटायच्या, पट्ट्या द्यायच्या, जुन्या मोजायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल आम्ही रॉकेलचा काळाबाजार करतोय.

टीबीच्या पेशंटला सरकार खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये देतं. आधी पाचशे होते, गेल्या नोव्हेंबरपासून हजार झाले. पहिल्या तीन महिन्यांचे तीन हजार एकदम खात्यावर आले. माझं खातं लग्न झाल्या-झाल्या गावाकडं काढलेलं, त्याला नंबर मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा. त्यांचा फोन आला. "अगं, लाडक्या बहिणीचं दोन हप्ते एकदम आले बघ." गेल्या ऑगस्टमध्ये तसे तीन हजार खरंच एकदम आले होते, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, "व्हय का? बरं झालं." एप्रिलमध्ये पुन्हा तीन हजार. पुन्हा फोन. म्हणाले, "तुझ्यावर सरकारची जरा जास्तच माया दिसतीय."

या सगळ्यात एक खोटं मात्र मला माफ होत नाही. घरात पेशंट असला की पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नसला तरी सहा महिने औषध देतात, लागण झाली असली तर ती आतच दबावी म्हणून. ह्यांचा एक्स-रे साफ निघाला, लेकाचाही. पण लेक चार वर्षांचा, त्यामुळे त्याचीही गोळी सुरू झाली. रोज सकाळी आम्ही दोघं शेजारी बसून गोळ्या घ्यायचो. त्याला गंमत वाटायची. "आईची मोठी, माझी बारकी." एक दिवस अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, हा म्हणतो आम्ही दोघं गोळ्या खातो, कसल्या हो? मी हसून म्हटलं, ताकदीच्या. घरी येऊन त्याला पाठ करून घेतलं. बाईंनी विचारलं तर काय सांगायचं? ताकदीच्या. अजून कुणी विचारलं तर? ताकदीच्या. पाढा घ्यावा तसं. चार वर्षांच्या पोराला मी सगळ्यात आधी जे नीट पाठ करून घेतलं ते हे.

मार्चमध्ये थुंकी पुन्हा तपासली, जंतू सापडले नाहीत. खोकला जवळजवळ गेला होता. वजन तीन किलो वाढलं होतं. पण मी बाहेर पडेना. ह्यांनी शेवटी आईला फोन केला. आईला सगळं माहीत होतं, तिनंच मला दाबून ठेवायला सांगितलं होतं. तीच आता म्हणाली, "पाडव्याला कुरुंदवाडला जा. मावशीला भेट."

मावशीला? आमच्या घरात गुपित असलं की ते मावशीपासून आधी लपवायचं, कारण मावशी ठार बहिरी. तिला सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. लहानपणी आम्ही पोरं तिच्या मागं उभं राहून काय वाट्टेल ते बोलायचो. तिच्या लग्नानंतर ती काही दिवस "मिरजेला होती" असं मोठी माणसं म्हणायची. मिरजेला का, हे कुणी विचारायचं नाही. मला वाटायचं तंबोऱ्याच्या कारखान्यात वगैरे असेल.

पाडव्याला गेले. मावशी सोप्यात बसून कडुलिंबाची पानं खुडत होती. मी शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, मावशी, मला बरं नव्हतं. "आँ?" मी जरा मोठ्यानं म्हटलं, छातीचं झालं होतं. "काय झालतं?" मी इकडं तिकडं बघितलं. समोरच्या दारात एक बाई रांगोळी काढत होती. "आँ? नीट बोल की गं."

आणि मी ओरडले. "मला टीबी झालाय!"

तो शब्द मी त्याआधी मोठ्यानं एकदाही उच्चारला नव्हता. दवाखान्यातसुद्धा चिठ्ठी पुढं करायचे. आता तो समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. रांगोळीवाल्या बाईचा हात थांबला. मावशीनं एक पान खुडून सुपात टाकलं.

"मग वरडतीस कशाला एवढं? मला बी झालता की."

आमच्याकडं जुन्या बायका पुरुषासारखं बोलतात, "मी आलो, मी गेलो". त्याच भाषेत तिनं सांगितलं. "एकुणीस वर्षांचा हुतो मी. मिरजंजवळ वानलेसवाडीला ठेवलं हुतं. सासरी सांगितलं शिवण शिकाय गेलीया." १९७४च्या सुमाराची गोष्ट. वानलेसवाडीला तेव्हा टीबीच्या पेशंटांचं आरोग्यधाम होतं. तिथली मोठी झाडं तिला आठवतात, ओळीनं मांडलेल्या खाटा आठवतात. परत आल्यावर औषधं दीड वर्षं चालली. गावात रोज इंजेक्शन. आणि त्या इंजेक्शनांमुळं कान. "आधी रातकिडा वाजाय लागला कानात. मग बाकी सगळं गेलं, रातकिडा तेवढा ऱ्हायला. अजून वाजतोय बघ."

स्ट्रेप्टोमायसिन. मी नंतर आशाताईंना विचारलं, वाचलंही. त्यानं कान जातात, हे तेव्हाही माहीत होतं, पण जीव वाचवायचा तर दुसरं फारसं हातात नव्हतं. मला टोचलं ते दुसरंच. मद्रासला १९५६पासून एक मोठा अभ्यास झाला, १९५९ साली छापून आला. घरी राहून औषध घेणारा पेशंट आरोग्यधामात ठेवलेल्या पेशंटइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळं जास्त लागण होत नाही, हे त्यात दिसलं. म्हणजे माझ्या मावशीला शिवण शिकायला पाठवलं तेव्हा हे कळून पंधरा वर्षं झाली होती. कळणं आणि आमच्या सोप्यापर्यंत पोचणं यात केवढं अंतर! आणि तिच्या बहिरेपणावर आम्ही पन्नास वर्षं हसतोय. आईला कारण ठाऊक होतं. तीही हसायची.

मी तिला विचारलं (ओरडूनच), तू कुणाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "इचारलं कुनी?"

परत येताना एसटीत मी ठरवलं की शिकवणीच्या मुलांच्या आयांना सांगायचं. धीट झाले म्हणून नव्हे. कुरुंदवाडच्या त्या रांगोळीवालीला कळलंच होतं, आता ते इचलकरंजीला पोचायला किती वेळ लागणार, असाही हिशेब होता.

आठ घरं होती. प्रत्येक घरी गेले. एकीनं पाणी दिलं, पेला स्टीलचा होता, मी गेल्यावर तो घासून वेगळा ठेवला असेल तर मला माहीत नाही. एकीनं फक्त विचारलं, फी तीच राहणार ना? तिला मिठी मारावीशी वाटली. आणि एकजण दारातच उभी राहिली. तिची दोन मुलं माझ्याकडं होती. म्हणाली, "जानेवारीत का नाही सांगितलं? तीन महिने मी खोकला आला की सिरप देत बसले असते." ती चिडली, मोठ्यानं बोलली, आणि तिचं एकूण एक वाक्य खरं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. सगळ्या मुलांची तपासणी झाली, कुणाला काही निघालं नाही. तिनं मुलं पाठवली नाहीत. तिच्या जागी मी असते तर मीही पाठवली नसती. बाजारात दिसली की ती मान वळवते आणि मी वळवू देते.

मे महिन्यात वजन ५० भरलं. दवाखान्यातल्या त्या काट्यावर मी चप्पल काढून, पिशवी खाली ठेवून, श्वास धरून उभी. वजन वाढलं की गोळ्याही वाढतात, तीनच्या चार झाल्या. गोळी वाढली म्हणून पेढे आणणारी मी एकटीच असेन. यंदा पाऊसही मेमध्येच आला. पहिल्या सरीला दारात उभी राहिले, ओल्या मातीचा वास पार तळापर्यंत ओढला आणि वाट बघत राहिले. खोकला आला नाही. पुन्हा ओढला. शेजारीण म्हणाली, काय करायलीस? म्हटलं, काही नाही, वास घेतेय.

सोळा जूनला शाळा सुरू झाल्या. त्याच संध्याकाळी सात मुलं आली. दोन्ही खिडक्या सताड उघड्या. मागांची खटखट आत येते, त्यामुळं मला ओरडून शिकवावं लागतं. जमतंय आता.

आज गोळ्या संपल्यावर पट्ट्यांची पिशवी सुक्या कचऱ्यात टाकली. घंटागाडीवाल्यानं ती उघडूनही बघितली नाही. मला जरा वाईटच वाटलं.

मग मामांना फोन लावला. ते तिसऱ्या हाकेला बोलले, कारण टीव्हीवर पालखी चालू होती. मी सगळं सांगितलं. जानेवारीपासून, लेकाच्या गोळीसकट. पलीकडं बराच वेळ नुसते टाळ ऐकू येत होते. मग त्यांनी आवाज बारीक केला.

"म्हंजे ते तीन-तीन हजार लाडक्या बहिणीचं नव्हतं?"

"नाही मामा. खाण्यासाठी होते. टीबीच्या पेशंटला देतात."

"मग खाण्यातच घातलीस न्हवं? दूध, अंडी?"

फेब्रुवारीचे तीन हजार गॅस आणि घरभाड्यात गेले होते, एप्रिलचे लेकाच्या शाळेच्या प्रवेशात.

"व्हय मामा," मी म्हटलं. "अंडीच आणली."