वाव

आमच्या जुन्या कपाटाचा मधला खण उन्हाळ्यात खडखडतो आणि पावसाळ्यात निमूट चालतो. बाबांनी तो केला तेव्हा बाजूला जेमतेम पोस्टकार्ड जाईल एवढी फट होती, पण वर चांगली तीन मिलिमीटर. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, माप चुकलं का?" बाबा म्हणाले, "वाव ठेवलाय." पुढे पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली आणि विकत आणलेल्या टेबलाचा खण असा काही फुगून बसला की घरातली सगळी बिलं आत कोंडली गेली. बाबांचा खण एका बोटाने बाहेर येत होता. आईने तोंडाने काही कबूल केलं नाही. बिलं मात्र त्या दिवसापासून तिकडे जायला लागली.

झाड कापून फळी झाली, रंधा मारून झाला, पॉलिश चढलं, तरी लाकूड हवेतलं पाणी ओढायचं आणि सोडायचं थांबत नाही. गंमत म्हणजे त्याची लांबी जवळपास तेवढीच राहते, फरक पडतो तो रुंदीत. खणाच्या बाजूच्या फळ्यांची रुंदी म्हणजेच खणाची उंची, म्हणून वाव वर ठेवायचा. बाबांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तरुणपणी एका सुताराच्या हाताखाली सुट्टीत बसून जे दिसलं ते त्यांनी उचललं, आणि उरलेलं लाकूड वाया घालवून शिकले.

त्या खणाच्या तळाला प्लायवूड नव्हतं. प्लायवूडमध्ये पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं हलत नाही. बाबांना ते वापरणं म्हणजे कॉपी करून पास होण्यासारखं वाटे. तळाला त्यांनी अख्ख्या लाकडाची पातळ फळी घेतली, चारही बाजूंच्या खोबणीत नुसती सरकवली आणि तशीच सोडली. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन आणि मदत करायची भयंकर हौस होती. बाबा कामावर गेले होते. फळी बोटाने दाबली तर हलत होती. यांचं चिकटवायचं राहून गेलं, असं मी ठरवलं आणि खोबणीत भरपूर पांढरा गोंद ओतला. सांडलेला पुसूनसुद्धा काढला.

चार-पाच महिन्यांनी, ऐन कोरड्या दिवसांत, भर दुपारी कपाटातून फाडकन आवाज आला. आई दचकून उठली. फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरली होती. आकसायला गेली, कडा गोंदाने धरून ठेवल्या, मग बिचारी मधूनच फाटली. बाबांनी संध्याकाळी खण उपडा केला, खोबणीवरून नख फिरवलं, सुकलेली पांढरी रेघ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "गोंद मात्र पक्का लावलायस," एवढंच म्हणाले.

ती फळी त्यांनी कधी बदलली नाही. पावसाळ्यात चीर केसाएवढी होते, उन्हाळ्यात तिच्यातून पेन्सिल खालच्या खणात पडते. आमच्याकडे कुणाचं काही हरवलं तर आधी खालचा खण बघायची पद्धत आहे.

बाबांची नोकरी कारखान्यातली, पाळ्यांची. एक आठवडा पहाटेची, एक दुपारची, एक रात्रीची. चौतीस वर्षं. पाठच्या दोघा भावांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, मग आम्ही. जादा काम मिळालं तर ते नाही म्हणत नसत, आणि ते बऱ्याचदा मिळे. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, कारण ते स्वतः त्यावर कधीच बोलले नाहीत. डबा घेऊन जात, डबा घेऊन येत.

या सगळ्यातून उरेल तेवढ्या वेळात लाकूड. आणि तो वेळ असा विचित्र उरायचा की कामाचे दोन ढीगच पडले होते, आवाजाचं आणि बिनआवाजाचं. ठोकणं आणि करवत फक्त रविवारी, तेही दहानंतर, शेजारी नीट उठल्यावर. रात्री आम्ही झोपल्यावर पॉलिशपेपर आणि धार. आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. नंबर वाढेल तसा कागद मऊ. शेवटी ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात, आणि वाळलं की पुन्हा एकदा घासायचं. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. बाबा गाळत नसत. झोपेत मला तो आवाज ऐकू यायचा, कुणीतरी दुसऱ्या खोलीत कानात सांगितल्यासारखं काहीतरी बोलतंय असा. अजूनही कुठे पॉलिशपेपर घासल्याचा आवाज आला की मला जांभई येते.

पटाशीची धार ते डाव्या हाताच्या केसांवर तपासत. केस अलगद निघाले की धार बरोबर. त्यामुळे मनगटाच्या वर त्यांना कायम एक तुळतुळीत चौकोन असे. आईला तो बघूनच कळायचं की काल रात्री किती वाजले असतील. "आज केस नाहीत, म्हणजे झोप नाही," ती म्हणायची.

त्यांच्या हातची प्रत्येक वस्तू देखणी होती असं मी म्हणणार नाही. एक पुस्तकांची मांडणी इतकी जाडजूड होती की तिच्यावर माणसं बसवता आली असती. ताईला केलेला घोडा गाढवासारखा दिसायचा आणि तिने त्याला तेच नाव ठेवलं. आणि ते तीन पायांचं स्टूल! तीन पाय कुठल्याही ओबडधोबड जमिनीवर टेकतात, डुगडुगण्याचा प्रश्नच येत नाही, हे त्यांनी आम्हाला तीन बोटं टेबलावर टेकवून समजावलं होतं. शंभर टक्के खरं. पण डुगडुगत नाही म्हणजे कलंडत नाही असं नव्हे. वरच्या फळीवरचा डबा काढताना आई जराशी बाजूला झुकली, वजन तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर गेलं, आणि आई, डबा, स्टूल तिघंही खाली. पुढच्या रविवारी दहा वाजता करवत सुरू झाली. नव्या स्टुलाला चार पाय होते. ते आयुष्यभर डुगडुगलं आणि आईने एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून ते आनंदाने वापरलं.

त्यांनी कुठलीच वस्तू विकली नाही. ओळखीच्या एकाने तसंच कपाट करून द्या म्हणून फार आग्रह धरला होता. बाबा दोन दिवस विचार करून नाही म्हणाले. मला तेव्हा ते पटलं नाही, घरात पैशाची गरज होतीच. आता वाटतं, मुकादम, तारीख आणि घड्याळ नसलेली ती एकच जागा त्यांना हवी होती. दिवसभरात तेवढीच फट होती.

ते गेल्याला आता बराच काळ झाला. हत्यारं मी तेल लावून ठेवतो, वापरत नाही. रंध्याच्या मुठीला एका बाजूला खळगा पडला आहे आणि माझा अंगठा त्यात बसत नाही, त्यांचा हात माझ्याहून रुंद होता.

गेल्या महिन्यात माळा आवरायला घेतला. आत, भिंतीपासून चार बोटं सोडून, चार फळ्या रचलेल्या सापडल्या. दोन इंच जाडीच्या, प्रत्येकीच्या मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या, हवा खेळावी म्हणून. टोकांना उरलेला हिरवा रंग फासलेला. लाकडातलं पाणी टोकांकडून फार लवकर उडतं आणि तिथूनच चिरा जातात, म्हणून टोकं बंद करायची. ओलं लाकूड सुकवायचं तर इंचाला एक वर्ष असा त्यांचा हिशेब होता. सुतारकीतला तो जुना ठोकताळाच आहे. वरच्या फळीवर पेन्सिलने तारीख होती, रचल्याची नव्हे, दोन वर्षं पुढची. त्यांच्या शेवटच्या आजारपणाच्या जरा आधीचं हे रचणं असणार, कारण अक्षर अजून सरळ आहे. ती तारीख उलटून गेली आहे.

आई खालून शिडी धरून उभी होती. "कशासाठी आणल्या होत्या?" तिने विचारलं.

मी चारही फळ्या उलटून बघितल्या. कशासाठी ते कुठे लिहिलेलं नाही.