नंदवाळच्या वाटेवर अहरोनाचा आशीर्वाद

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब दोन्ही हात वर करून अहरोनाचा आशीर्वाद म्हणतात. अहरोन म्हणजे मोशेचा भाऊ, इस्राएल लोकांचा पहिला मुख्य याजक, म्हणजे पुरोहित. परमेश्वर तुला आशीर्वाद देवो, तुझं रक्षण करो. आपल्या मुखाचा प्रकाश तुझ्यावर पाडो, तुझ्यावर कृपा करो. तुझ्याकडे मुख वळवो आणि तुला शांती देवो. बाकांवर तोवर चुळबूळ सुरू झालेली असते. पाय चपला चाचपत असतात, आणि कोल्हापूरचा रविवार म्हटल्यावर निम्म्यांचं चित्त मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत. हा आशीर्वाद झाला की उपासना सुटली, एवढाच त्याचा हिशोब.

तो नीट कानात शिरला तो नंदवाळच्या दिंडीत.

आषाढी एकादशीला पंढरपूर गाठणं जमत नाही ते कोल्हापूरकर नंदवाळला चालत जातात. प्रति पंढरपूरच म्हणतात त्याला. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडी निघते, वाट जेमतेम बारा-तेरा किलोमीटरची. शेजारचे आप्पा मागेच लागले होते, "चला की ओ, चालायला कुठं धर्म आडवा येतोय?" आईला हे रुचणं शक्यच नव्हतं. 1852 साली मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, त्या कामातून उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळीतलं आमचं घर. तिनं नाक मुरडलं, पण छत्री काढून दिली. मूर्तीपुढे हात जोडणार नाही, हे मी आप्पांना आधीच सांगून टाकलं. "नका जोडू. टाळ तरी धरा," ते म्हणाले.

टाळ धरला. ताल काही धरता आला नाही.

गाव मागं पडलं तसा पावसानं जोर धरला. रस्त्याकडेला तालमींचे आणि मंडळांचे मांडव, साबुदाण्याची खिचडी, केळी, वाफाळता चहा. पुईखडीच्या माळावर रिंगण झालं. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. त्या दिवशी मातीचा चिखल झालेला, तर लोकांनी चिखल लावला. मग जो तो शेजारच्याच्या पाया पडू लागला. नऊवारीतली एक आजी माझ्यापुढे वाकली. तिच्या टाचांच्या भेगांत लाल चिखल भरलेला, गळ्यात झिजून गुळगुळीत झालेली तुळशीची माळ. मी पाय मागे ओढला.

"मागं नका घेऊ, माऊली."

आता काय बोलायचं? रामकृष्णहरी ओठांवर येईना आणि गप्प राहणंही बरं दिसेना. तोंडातून आपसूक गेलं, "परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो, तुमचं रक्षण करो." आजीनं मान डोलावली आणि पुढच्याच्या पायाशी वाकली.

चालता चालता मनात वाद सुरू झाला. हे शब्द पाळकांनी उच्चारायचे; अहरोनाला आणि त्याच्या मुलांना सांगितलेले. मी कोण? पण बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्या तीन ओळींनंतर लगेच देव म्हणतो की आशीर्वाद मी देईन. याजकाकडे फक्त उच्चार. मग तो चुकून माझ्या तोंडून गेला म्हणून देणाऱ्याचं काय अडलं? पाळकसाहेबांना हे पटेलच असं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. हे शब्द सांगितले गेले तेव्हा मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटलेले इस्राएल लोक सीनाय डोंगराच्या पायथ्याशी तळ देऊन होते. दहाव्या अध्यायात तळावरचा देवाचा ढग वर उठतो आणि ते चालू लागतात. म्हणजे आशीर्वाद आधी, रान नंतर. चालणाऱ्यांचाच तो. आम्ही त्याला दाराशी नेऊन बसवलाय खरा, पण दार उघडल्यावर रस्ताच लागतो की.

लोक तो अंगावर वागवतही असावेत. 1979 साली जेरुसलेममधल्या केतेफ हिन्नोमच्या थडग्यात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या. उलगडायला फार जपावं लागलं. आत हेच शब्द कोरलेले, मृत समुद्राच्या गुंडाळ्या म्हणून गाजलेल्या बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांहूनही शतकांनी जुने. ताईत म्हणून घालत असावेत, असं अभ्यासक मानतात. माझं लक्ष पुनःपुन्हा पुढे चालणाऱ्यांच्या गळ्यातल्या माळांकडे जात होतं.

नंदवाळला दर्शनाची रांग पार लांबवर गेलेली. आप्पा रांगेत, मी बाहेर ओल्या कट्ट्यावर. तासभर लोक पाहत होतो. इथे एक नजर मुख दिसावं म्हणून माणूस भिजत उभा राहतो. आमच्या आशीर्वादात देवच मुख वळवून बघतो. रविवारी ते ऐकताना आमची नजर दाराकडे असते, हे मात्र टोचलं.

परतताना केएमटीच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. दांडीला लोंबकळत आप्पांनी विचारलं, "त्या आजीला काय म्हणाला ओ तुम्ही?" मी सगळा आशीर्वाद म्हणून दाखवला.

"झ्याक हाय. मग पुढं काय झालं त्या लोकांचं?"

"तीन दिवस चालले आणि कुरकुर सुरू. मिसरात मासे मिळायचे, काकड्या, कांदे, लसूण मिळायचा, इथं काहीच नाही म्हणून रडायला लागले."

उपासानं आणि चालण्यानं मेटाकुटीला आलेले आप्पा एवढ्या गर्दीत खो खो हसले. "कांदा-लसूण? मग आपलीच माणसं की!"