घुबड ओतीव निघालं

अण्णांनी नाणं हातात घेतलं, कडेवरून नखाने एक फेरी मारली आणि माझ्याकडे परत सरकवलं. "हे पाडलेलं नाही. ओतलंय."

झालं. नव्वद पाउंड पाण्यात.

अथेन्सचं म्हणून घेतलं होतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना, दुसऱ्या बाजूला डोळे वटारलेलं घुबड, मागे ऑलिव्हची डहाळी आणि इवलीशी चंद्रकोर. खऱ्या नाण्यात सतरा ग्रॅमच्या आसपास चांदी असते आणि वर अडीच हजार वर्षांचं वय. ते नव्वद पाउंडांत कोण देईल, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. विकणाऱ्याचं ऑनलाइन दुकान महिन्याभरात गायब झालं.

नाण्यांतलं आपल्याला काही कळत नाही, असं अण्णा स्वतःच सांगतात. त्यांनी चाळीस वर्षं नाशिकच्या सराफ बाजारात देवांच्या टाकांचे ठसे कोरले. पण चांदी ठोकलेली की ओतलेली, हे त्यांच्या बोटांना समजतं. मग भिंग घेऊन त्यांनी मला दाखवलं. कडेभोवती केसासारखी एक रेघ फिरली होती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. घुबडाच्या पोटावर सुईने टोचल्यासारखी भोकं होती, तिथे हवा अडकलेली. ठोकलेल्या नाण्याला उलट कडेला चिरा जातात, कारण घाव बसला की चकती पसरते आणि जागा मिळेल तिकडे फाटते. माझं घुबड मात्र वापरलेल्या साबणासारखं गुळगुळीत.

त्यांच्या इथल्या, इंग्लंडमधल्या मुक्कामातच लंडनला नाण्यांचा बाजार भरला होता, तिकडे त्यांना घेऊन गेले. (ऐशीच्या घरातला माणूस आणि तीन तास उभं राहायचं. माझा मूर्खपणा. पण खुर्ची दिली तरी बसले नाहीत.) एका टेबलावर ब्रिटनमधल्या केल्टांची, म्हणजे रोमन यायच्या आधी तिथे राहणाऱ्या लोकांची नाणी होती. काळपट, तांब्याकथलाची, रुपयाहून लहान. त्यांना पोटिन म्हणतात. अण्णांनी एक उचललं आणि हसले. "हेही ओतलेलंच की!"

आणि हे अस्सल होतं. केंटच्या बाजूला इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकात ही नाणी मातीच्या साच्यात माळेसारखी ओतत, मग एकेक तोडून वेगळं करत. तोडल्याच्या दोन खुणा समोरासमोरच्या कडांना अजून दिसतात. मूळ नमुना मस्सालियाचा, म्हणजे आजच्या मार्सेचा. तिथल्या ग्रीकांच्या नाण्यावर अपोलोचं मुंडकं आणि ढुशी द्यायला निघालेला बैल. केंटपर्यंत पोचेस्तोवर बैलाच्या चार-सहा रेघा उरल्या. मी सांगितलं नसतं तर अण्णांनी त्याला खाट म्हटलं असतं.

त्यांचं खरं मन रमलं ते शेजारच्या, केल्टांच्याच सोन्याच्या नाण्यात. ते विकत घेणं आपल्या बापजन्मी जमायचं नाही, पण दुकानदाराने हातात दिलं. याचा पूर्वज मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचा, सिकंदराच्या बापाचा. त्याने इ.स.पू. ३५९ ते ३३६ राज्य केलं. त्याच्या स्टेटर नावाच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला अपोलो, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांचा रथ आणि खाली 'फिलिप्पू', म्हणजे फिलिपचं. ही नाणी उत्तरेकडे केल्टांच्या मुलखात गेली आणि तिकडचे लोक तशीच पाडू लागले. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. दोन घोड्यांचा एक झाला. रथ गेला, त्याचं एक चाक घोड्याच्या पोटाखाली लोंबत राहिलं. सगळ्यात आधी बिघडली अक्षरं. वाचता येत नसेल तर अक्षर म्हणजे नुसत्या काड्या. अपोलोचा चेहरा गेला आणि मुकुटाची पानं तेवढी मागे राहिली. डॉर्सेटकडच्या डुरोट्रिजीस लोकांच्या नाण्यावर तर घोडा म्हणजे टिंबांचा पुंजका.

इंग्रजीतल्या जुन्या पुस्तकांत याला सरळ ऱ्हास म्हटलेलं असतं. अण्णांना ते मान्य नव्हतं. "आपल्या खंडोबाच्या टाकावर घोड्याखाली कुत्रा असतो की नाही? माझ्या आज्याच्या ठशात त्याचे कान, शेपूट, सगळं होतं. माझ्या ठशात एक उंचवटा आहे. गिऱ्हाईक बरोबर कुत्र्याला पाया पडतं." त्यांच्या मते घोडा कोरणाऱ्याचा हात कच्चा नव्हताच. मानेची ती एक रेघ त्यांनी नखाने दोनदा गिरवली. "हे न येणाऱ्याचं काम नाही."

परतीच्या गाडीत मी त्यांना जोगलटेंभीचं सांगितलं. नाशिकजवळ १९०६ साली तिथे क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्या नाण्यांवर राजाच्या मुंडक्याभोवती ग्रीक अक्षरांत चक्क प्राकृत मजकूर लिहिलाय. कोरणाऱ्याला ग्रीक फारसं येत नसावं, कारण अक्षरं भलतीकडे घसरतात. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर तर ती नुसती नक्षी झाली. सापडलेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय, नहपानाच्या तोंडावरच. "वितळवायचे कष्ट वाचवले," अण्णा म्हणाले आणि वाटेतलं स्लाउ स्टेशन यायच्या आत झोपले.

खोटं घुबड ते नाशिकला घेऊन गेले. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यांनी पोलादात घुबडाचा ठसा कोरून चांदीच्या पत्र्यावर उठवलं होतं. डोळे झकास, पिसांची टिंबं मोजून घ्यावीत अशी. शेजारी अथेन्सची तीन अक्षरं. मधल्या अक्षरात, थीटात, गोलाच्या आत टिंब हवं. तिथे नुसता गोल होता.

मी फोन करून सांगितलं.

"तुझ्या नाण्यात नव्हतं," अण्णा म्हणाले.

मी माझ्या फोनमधला घुबडाचा जुना फोटो मोठा करून पाहिला. खरंच नव्हतं.