एक दिवस, एक नदी : आमची वाटचाल

माझे वडील कोल्हापूर–गगनबावडा मार्गावर वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी खाजगी गाडी, चालवायचे. शाळेला सुट्टी असली की मी पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी. बालिंग्याचा पूल ओलांडला की हवा बदलते, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. कळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. मग ऊस सरत जातो, भाताची खाचरं लागतात आणि साळवण मागं पडलं की डोंगर अंगावर यायला लागतात. सगळं मिळून ५५ किलोमीटर. वडील म्हणायचे, "देवीला आलेली माणसं हे न बघताच माघारी जात्यात." आमच्या सहलींच्या धंद्याचं मूळ त्यांच्या या बोलण्यात आहे.

२०११ साली मी कर्ज काढून एक जुनी सात सीटर घेतली. बाहेरगावच्या पाहुण्यांचा कार्यक्रम तेव्हाही ठरलेलाच होता. सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, महाद्वार रोडला चपला, संध्याकाळी रंकाळा आणि रात्रीची गाडी. त्यांना कोल्हापुरात आणखी एक दिवस थांबवायचं आणि शहराबाहेर न्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण कसं न्यायचं, ते कळायला तीन वर्षं गेली. सुरुवातीला गाडीच्या मागं मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं : एका दिवसात पाच ठिकाणं. जोतिबा, पन्हाळा, कणेरी मठ, नरसोबाची वाडी आणि शेवटी खिद्रापूर. नकाशा समोर ठेवला तर कुणीही सांगेल की पन्हाळा एका टोकाला आणि खिद्रापूर दुसऱ्या. पाहुणे मागायचे, मी हो म्हणायचो.

एका हिवाळ्यात नागपूरचं एक वयस्कर जोडपं आलं. काका इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांना मुख्य ओढ खिद्रापूरच्या कोपेश्वराची. शिलाहारांच्या काळातलं हे मंदिर, पुढं ४८ खांबांचा स्वर्गमंडप, मधोमध छताला गोल मोकळं आभाळ. दिवसभर त्यांनी पन्हाळ्यावर, कणेरीला "चला, उशीर होईल" एवढंच माझ्याकडून ऐकलं. वाडीला गर्दीत अडकलो आणि खिद्रापुरात पोचलो तेव्हा अंधार झाला होता. काकांनी मोबाईलचा उजेड एका खांबावर धरला. खांबाचा एक हात भाग दिसायचा, बाकी काळोख. मग त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि तळव्यानं कोरीवकाम चाचपत राहिले. म्हणाले, "मंदिराच्या पायथ्याचे हत्ती बघायचे होते. आता पुन्हा येणं काही होणार नाही." आवाज चढवला नाही, पैसेही पूर्ण दिले. परतीच्या ६० किलोमीटरांत मला एक शब्द बोलता आला नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाताय कशाला पाच ठिकाणी?"

दुसऱ्या दिवशी गाडीमागचं ते वाक्य खरवडून काढलं. पुढं काय लिहायचं, ते प्रयाग चिखलीला सुचलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशा पाच नद्यांची मिळून आपली पंचगंगा होते, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. तिथल्या घाटावर बसलो असताना वाटलं, की माणसांना ठिकाणं कशाला मोजून दाखवायची? एका दिवसात एक नदी धरायची आणि तिच्या कडेकडेनं जायचं. तेव्हापासून आमच्या सहली अशाच आहेत.

भोगावतीचा दिवस राधानगरीचा. हे धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. महाराज १९२२ साली गेले आणि धरण पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. पावसाळ्यात पाणी ठरल्या पातळीला आलं की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, बटण दाबावं लागत नाही. पाहुण्यांना हे सांगताना माझा ऊर आजही भरून येतो. त्यापुढं दाजीपूर, गव्यांचं जंगल. पावसाळ्यात ते बंद असतं. तेव्हा तिकडं न्या म्हणून कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही नेत नाही.

कासारीच्या अंगाला पन्हाळा. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज भर पावसात निसटले, ते याच गडावरून. म्हणून पन्हाळा आम्ही शक्यतो पावसातच दाखवतो. धुक्यात तीन दरवाजा हात-दोन हातांवर आल्याशिवाय दिसत नाही. त्या रात्री माणसं कशी चालली असतील, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. २०२५ साली गड युनेस्कोच्या यादीत गेला. गर्दी वाढली आहे, आणि माझ्या मते आता तिथं घाईनं फिरणं आणखीच चुकीचं आहे.

कुंभीचा दिवस मात्र माझ्या जिवाजवळचा, वडिलांचा रस्ता तो. हिवाळ्यात या वाटेवर गुऱ्हाळं चालू असतात. एका गुऱ्हाळावर आम्ही दोन तास थांबतो. चुलवाणात चिपाडं ढकलणारा जळव्या, वर उकळणारी काहील म्हणजे रसाची मोठी कढई, भेंडीचा रस टाकला की तरारून वर येणारी मळी, ती निपटून काढायची सगळ्यांची धांदल. मग गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, उकळता पाक पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळून बघतो. घड्याळ नाही, तापमापक नाही, त्या गोळीवर सगळं ठरतं. तो मान हलवतो आणि काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या जागेत, रिकामी होते. पुण्या-मुंबईची पोरं वाटीतली गरम काकवी बोटानं चाटत राहतात, मोबाईलची आठवण होत नाही.

दुपारचं जेवण गगनबावड्याच्या अलीकडं एका वाडीतल्या मावशींकडं. नाचणीची भाकरी, खर्डा, दही, रानभाजी मिळाली तर ती. पहिल्या वर्षी त्या पैशाला हातच लावेनात. "पावण्याकडनं कुटं पैसं घेत्यात व्हय?" शेवटी माझी बायको दोन दिवस त्यांच्याकडं राहिली, पीठ, सरपण, राबणूक सगळ्याचा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा तयार झाल्या. आज त्यांच्या सुनेचं स्वतःचं खातं आहे आणि भाव तीच ठरवते.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शहर तुटलं. आमची गाडी तेव्हा पूरग्रस्तांना हलवायला धावत होती. पुढं कितीतरी आठवडे एकही सहल नाही. त्यातून सावरतोय तोवर कोरोना. दुसरी गाडी विकावी लागली. त्या हिवाळ्यात जुन्या पाहुण्यांचे फोन यायला लागले, "ते गुऱ्हाळ चालू आहे का? गूळ पाठवाल का?" गुळाच्या ढेपा आणि काकवीच्या बाटल्या बांधून आम्ही ते वर्ष काढलं. ज्यांच्यासाठी दोन तास थांबलो होतो, त्यांनीच आम्हाला धरून ठेवलं.

पंचगंगेचा दिवस नरसोबाच्या वाडीपर्यंत, जिथं ती कृष्णेला मिळते, आणि तिथून खिद्रापूर. आता उन्हं वर यायच्या आत आम्ही मंदिरात असतो. पायथ्याच्या हत्तींपासून सुरुवात करतो, प्रत्येक हत्तीपाशी थांबून.

तुळशीचा दिवस अजून बसलेला नाही. धामोडपर्यंत बायको आणि मी दोनदा जाऊन आलो. वाट सुंदर आहे, पाणी सुंदर आहे. जेवणासाठी कुणाच्या दारात बसायचं, तेवढं ठरायचं आहे.